मार्केट यार्ड अन् तीन फुटांचं यार्ड: एकच शब्द की दोन?

रोजच्या तोंडातला एखादा इंग्रजी शब्द निवडा अन् त्याबद्दल काय विचारायचं ते लिहून पाठवा, असं मागच्या अंकात वाचकांना सांगितलं होतं. पत्रं भरपूर आली, पण यार्ड या एकाच शब्दावर इतक्या जणांनी इतक्या वेगवेगळ्या बाजूंनी विचारलंय की यावेळचं सगळं सदर यार्डालाच देतोय. बाकीच्यांनी थोडी कळ काढा, तुमचे शब्द पुढच्या अंकापासून घेतो.

प्रश्न : आमी सोयाबीनचे कट्टे घेऊन तालुक्याच्या मार्केट यार्डात जातो. माही पोरगी सातवीत हाय. तिच्या वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर कोष्टक हाय, त्यात देलं हाय का एक यार्ड म्हणजे तीन फूट. ते मले म्हणते, बाबा, मंग मार्केट यार्ड एवढं मोठं कसं? म्या एका मास्तरले इचारलं त ते म्हणे इंग्रजीत असंच रायते, पाठ करा. असंच काऊन रायते ते सांगा. (एक कास्तकार, दर्यापूर तालुका)

उत्तर : भाऊ, पोरीचा प्रश्न एकदम बरोबर आहे, तिला आधी शाबासकी द्या. अन् पाठ करा हे काही उत्तर झालं नाही. खरं उत्तर असं की हे दोन वेगळे शब्द आहेत. मूळ वेगळं, अर्थ वेगळा, फक्त पुढे बोलता बोलता दोघांचा आवाज सारखा झाला अन् स्पेलिंगही एकच झालं. एका गावात दोन घरं पाटलांची असतात अन् त्यांचं एकमेकांशी काहीच नातं नसतं, तसं समजा.

आधी मार्केट यार्डातलं यार्ड घेऊ. जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, हा शब्द साधारण 'ग्येआर्ड' असा लिहिला जायचा, त्यातल्या ग चा उच्चार तेव्हाच य कडे झुकलेला होता. अर्थ होता कुंपण, अन् कुंपणाच्या आतली जागा, अन् घरदारही. म्हणजे चारी बाजूंनी काही तरी घातलेलं असलं पाहिजे, मग ते काट्याचं असो, दगडाचं असो. आत काय आहे याला महत्त्व नाही. म्हणून इंग्रजीत जहाजं बांधायच्या जागेला शिपयार्ड, द्राक्षाच्या मळ्याला व्हिनयार्ड, दफनभूमीला ग्रेव्हयार्ड अन् डबे जोडायच्या-तोडायच्या जागेला रेल्वे यार्ड म्हणतात. बडनेऱ्याला नाहीतर वर्ध्याला गाडी स्टेशनच्या बाहेर उभी राहिली की लोक म्हणतात ना, गाडी यार्डात घेतली, तेच हे यार्ड.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. याच शब्दाची भावंडं युरोपभर आहेत. डॅनिश अन् स्वीडिशमध्ये 'गोर्ड' म्हणजे शेतावरचं घर, वाडा. जुन्या गॉथिक भाषेत 'गार्ड्स' म्हणजे सरळ घरच. रशियाकडे गेलात तर कोट घातलेली वस्ती म्हणून शहराच्याच अर्थाने 'ग्राद' अन् 'गोरोद', व्होल्गोग्राद, नोव्हगोरोद ही नावं त्यातलीच, सर्बियातलं बेलग्रेडसुद्धा. अन् आपल्याकडे? संस्कृतातलं 'गृह'. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ हे सगळे शब्द एकाच फार जुन्या धातूतून आलेले मानतात, घेरणं, वेढणं असा ज्याचा अर्थ होता. गृह मधला ह प्राकृतात सरकत सरकत ग ला येऊन चिकटला अन् झालं 'घर'. म्हणजे तुमचं घर अन् तुम्ही सोयाबीन घेऊन जाता ते यार्ड, हे शब्द दूरचे का होईना पण नात्यातले निघाले. जमैकात तर आजही लोक आपल्या घरालाच यार्ड म्हणतात, तिकडे तो अर्थ जिवंत आहे.

आता मार्केट यार्डाला यार्डच का म्हणायचं, नुसता बाजार का नाही, तर त्यात ते कुंपणच महत्त्वाचं आहे. आपल्या वऱ्हाडाचा यात मोठा वाटा आहे अन् ते आपल्या पोरांना माहीतच नसतं याचं मला वाईट वाटतं. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं, इंग्रजांना मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी इथला कापूस हवा होता, अन् कापूस नीट, एका ठिकाणी, ठरलेल्या मापाने मिळावा म्हणून 1886 साली कारंजा लाडला हैदराबाद रेसिडेन्सीच्या, म्हणजे निजामाकडे नेमलेल्या इंग्रज प्रतिनिधीच्या कचेरीच्या, आदेशाने नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला असा पहिला बाजार म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. मग 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस अन् धान्याच्या बाजाराचा कायदाच झाला. आजच्या बाजार समित्या 1963 च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली चालतात, पण मुळातला विचार तोच, की माल आखून दिलेल्या जागेतच विकला जाईल, सगळ्यांसमोर हर्रास होईल, बाजार समितीच्या काट्यावर मापारी मोजेल. गेटातून आत गेलात की तुमच्या मालाला ते नियम लागू, गेटाच्या बाहेर ते नाहीत. खेडा खरेदीत दारावर आलेल्या व्यापाऱ्याने ताणकाटा लटकवला की भाव त्याचा अन् मापही त्याचंच. तेच यार्डात ढेरीवर चार व्यापारी उभे असतात, एक जण मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारून माती बघतो, दुसरा ओलावा मोजायचं यंत्र लावतो, 12 टक्क्यांच्या वर आकडा गेला की भाव पाडतो, सगळं खरं, पण निदान चार लोकांसमोर. म्हणून मला वाटतं यार्ड हा शब्द इथे अगदी चपखल बसलाय. बाजार समितीच्या पाटीवर मराठीत 'मुख्य बाजार आवार' लिहिलेलं असतं बघा, ते आवारही तितकंच नेमकं आहे.

आता वहीच्या पुठ्ठ्यावरचं यार्ड. याचं मूळ जुन्या इंग्रजीतलं 'ग्येर्ड', अर्थ काठी, छडी, झाडाची सरळ फांदी. जर्मन भाषेत छडीला आजही 'गेर्टे' म्हणतात. हातात काठी आहे तर तिनेच मोजायचं, हे जगभर सगळीकडे झालंय, आपल्याकडेही जुन्या जमीनमोजणीत काठी हे माप होतंच. इंग्लंडमध्ये ही काठी पुढे तीन फुटांवर, म्हणजे 36 इंचांवर स्थिर झाली. जहाजाच्या डोलकाठीवर शिडासाठी जो आडवा वासा बांधतात त्यालाही इंग्रजीत यार्डच म्हणतात, तो या काठीवाल्या घरातला, कुंपणवाल्या नाही.

या काठीची एक गोष्ट पोरीला नक्की सांगा. 1824 च्या कायद्याने इंग्रजांनी पितळेची एक पट्टी अधिकृत यार्ड म्हणून ठरवली अन् ती पार्लमेंटात ठेवली. 16 ऑक्टोबर 1834 ला पार्लमेंटला मोठी आग लागली. आग कशाने लागली तर सरकारी हिशोबाच्या जुन्या लाकडी काठ्या, ज्यांच्यावर खाचा पाडून देणंघेणं नोंदवायचे, त्या निकामी झाल्या म्हणून भट्टीत घालून जाळत होते. त्या आगीत देशाचं यार्डही निकामी झालं. मग नवी पट्टी बनवून तिला कायद्याने मान्यता मिळायला 1855 उजाडलं. पुढे 1959 मध्ये इंग्लंड-अमेरिकेसह सहा देशांनी मिळून यार्ड मीटरलाच बांधून टाकलं, एक यार्ड म्हणजे 0.9144 मीटर. आपण तर त्याच्या आधीच 1956 च्या कायद्याने मीटर-किलो स्वीकारले होते.

प्रश्न : आमच्याकडं संत्र्याचा बगीचा आहे. कृषी विभागाच्या कागदावर कुठं 'ऑर्चर्ड' असतं, कुठं 'हॉर्टिकल्चर', कुठं 'गार्डन'. तिन्ही शब्द दिसायला वेगळे, काही संबंध आहे का? (वरुड तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : आहे, अन् चांगलाच जवळचा आहे. वर जो कुंपणाचा शब्द सांगितला त्याचंच हे गोत.

गार्डन हा शब्द मुळात त्याच जर्मॅनिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन-डॅनिश या भाषांच्या, घरातला, पण तो फ्रान्सला फिरून इंग्रजीत आला म्हणून त्याचा ग टिकला, अन् घरीच राहिलेल्या यार्डाचा ग जाऊन य झाला. म्हणजे एकाच मुळाचे दोन शब्द दोन रस्त्यांनी इंग्रजीत पोचले. आज अमेरिकेत घराभोवतीच्या गवताच्या जागेला यार्ड म्हणतात अन् इंग्लंडमध्ये त्याच जागेला गार्डन, तिकडे यार्ड म्हणजे फरशी घातलेली मोकळी जागा. लेकरू अमेरिकेत शिकायला गेलं तर याचा घोळ होतो.

ऑर्चर्ड मधला शेवटचा तुकडा म्हणजे सरळ यार्डच, जुना शब्द 'ऑर्टग्येआर्ड' होता. पहिला तुकडा लॅटिनमधल्या 'हॉर्टुस' म्हणजे बाग या शब्दातला असावा असं पुष्कळ अभ्यासक धरतात. अन् हॉर्टुस पुन्हा त्याच कुंपणाच्या धातूतला! मग ऑर्चर्ड म्हणजे बागेची बाग झाली. हॉर्टिकल्चर म्हणजे या हॉर्टुसची मशागत.

तुम्ही विचारलं नाही पण जाता जाता सांगतो, कोर्ट हा शब्दसुद्धा याच घरचा. लॅटिनमध्ये 'कोहॉर्स' म्हणजे घेरलेलं आवार, त्यातला 'हॉर्स' हा हॉर्टुसचाच भाऊ. आवार, मग राजवाड्याचं आवार, मग राजाचा दरबार, मग दरबारात न्याय मिळतो म्हणून न्यायाची जागा, असा तो सरकत गेला. बॅडमिंटनच्या कोर्टात मात्र आखलेली जागा हा जुना अर्थ अजून तसाच आहे. धुऱ्याच्या भांडणापायी ज्यांच्या कोर्टाच्या खेपा चालू आहेत त्यांना या माहितीने काही फरक पडणार नाही, पण कुंपणाच्या भांडणाचा निकाल जिथे लागतो त्या जागेचं नावही कुंपणावरूनच पडलंय हे मला फार विलक्षण वाटतं.

प्रश्न : क्रिकेटचं पिच 22 यार्डच का असतं? 20 किंवा 25 का नाही? (दहावीतला विद्यार्थी, दारव्हा)

उत्तर : कारण 22 यार्ड म्हणजे जमीन मोजायची एक साखळी. एडमंड गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने 1620 च्या सुमारास ही साखळी चालू केली, 100 कड्या अन् एकूण लांबी 66 फूट, म्हणजे 22 यार्ड, आजच्या हिशोबाने 20.12 मीटर. क्रिकेटचे 1744 चे जुने नियम आहेत त्यातही 22 यार्डच आहे.

पण ही 66 फुटांची लांबी गंटरच्याही आधीची आहे अन् ती बैलांपर्यंत जाते. इंग्लंडमध्ये एकर म्हणजे एका औताने एका दिवसात जेवढी जमीन नांगरून होते तेवढी, असा हिशोब होता. आपल्याकडेही म्हातारे माणसं वावर किती हे विचारलं तर 'दोन औताचं' सांगतात की नाही, तोच प्रकार. एकर हा शब्द जुन्या इंग्रजीत नुसता शेत या अर्थाचा, लॅटिनमध्ये 'आगेर', ज्याच्यावरून ॲग्रिकल्चर आलं, अन् संस्कृतात 'अज्र' म्हणजे मैदान, शेत, तोही याच कुळातला. आता नांगराचं तास किती लांब न्यायचं? बैल दम न घेता जेवढं ओढतील तेवढं. त्या लांबीला त्यांनी 'फरो-लाँग' म्हणजे तासाची लांबी म्हटलं, त्याचं झालं फर्लांग. फर्लांग 220 यार्डांचा. अन् 220 यार्ड लांब, 22 यार्ड रुंद असा तुकडा घेतला की झाला एक एकर, 4840 चौरस यार्ड. करून बघ, 220 गुणिले 22.

आता गुंठा घे. 40 गुंठ्यांचा एकर, म्हणजे गुंठा झाला 121 चौरस यार्डांचा. 121 म्हणजे 11 गुणिले 11. क्रिकेटच्या पिचची निम्मी लांबी घेऊन तेवढाच लांब अन् तेवढाच रुंद चौकोन आखला की बरोबर एक गुंठा येतो. फुटात 33 बाय 33, म्हणजे 1089 चौरस फूट. मुंबई पद्धतीच्या जमीनमोजणीत साखळीच 33 फुटांची असायची, तिचे 16 आणे पाडलेले असायचे, कारण एक साखळी चौरस म्हणजे एक गुंठा असा सोपा हिशोब होतो. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात, त्यातला एक आर 100 चौरस मीटर अन् गुंठा 101.17 चौरस मीटर, म्हणून लोक दोन्ही सारखेच धरून चालतात, थोड्या जमिनीत ते खपतं पण मोठ्या तुकड्याची खरेदी असेल तर असं धरू नका.

शाळेच्या मागे तुम्ही खेळता तिथे एकदा टेपने 11 यार्ड, म्हणजे 33 फूट, चारी बाजूंनी मोजून चुन्याने आखा. गणिताच्या पुस्तकातला गुंठा नेमका केवढा असतो ते तेव्हा डोळ्याला दिसेल. शाळेत हे कुणी करून घेत नाही, करून घ्यायला पाहिजे, कास्तकाराच्या पोराला एक गुंठा डोळ्याने ओळखता आला पाहिजे.

प्रश्न : व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड आलं की इंग्रजीत सगळंच्या सगळं या अर्थाने 'द होल नाइन यार्ड्स' म्हणतात ते आपल्या नऊवारी लुगड्यावरून इंग्रजांनी उचललं. खरं आहे का? (एक शिक्षिका, आर्वी तालुका)

उत्तर : नाही ताई, खरं नाही, ग्रुपवर तसं सांगून टाका. हा वाक्प्रचार अमेरिकेतला आहे. त्याचे जुन्यात जुने छापील पुरावे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे, तिकडच्या इंडियाना, केंटकी या भागातल्या छोट्या वर्तमानपत्रांतले सापडलेत, अन् गंमत म्हणजे त्यात कुठे नऊ यार्ड आहे तर 1912 च्या एका ठिकाणी सहा यार्ड आहे. आकडा पक्का नव्हताच, म्हणजे नऊ यार्डांची अमुक एक वस्तू शोधण्यात अर्थ नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विमानाच्या गोळ्यांचा पट्टा नऊ यार्डांचा होता म्हणून, अशी दुसरी कथाही फिरते, तीही त्यामुळेच बाद.

नऊवारीतल्या 'वार'ची खरी गोष्टच चांगली आहे, तिला खोट्या गोष्टीची गरज नाही. वार म्हणजे आपलं यार्डाएवढं माप, नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. पोर्तुगीज भाषेत 'वारा' म्हणजे काठी, अन् कापड मोजायच्या मापालाही तेच नाव. आपला वार तिथून आला असं मानलं जातं. म्हणजे इंग्रजांची काठी यार्ड झाली, पोर्तुगीजांची काठी वार झाली. कापडाच्या दुकानात लोखंडी गज घेऊन सर्रकन कापड मोजणारा माणूस डोळ्यासमोर आणा, या मापांना काठीचंच नाव का पडलं हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : स्कॉटलंड यार्ड हे पोलिसांचं नाव कसं? (पुसद)

उत्तर : लंडनचे पोलीस 1829 मध्ये उभे राहिले तेव्हा त्यांचं ऑफिस व्हाइटहॉल प्लेसमध्ये होतं अन् त्याचं मागचं दार ग्रेट स्कॉटलंड यार्ड नावाच्या गल्लीत उघडायचं. लोक त्याच बाजूने जायचे-यायचे, म्हणून गल्लीचं नाव पोलिसांना चिकटलं. कुंपणवालंच यार्ड.

प्रश्न : माझे मिस्टर सूतगिरणीत होते. तिथे सुताला यार्न म्हणायचे. यार्न यार्डात मोजायचं म्हणून तसं नाव पडलं का? (वाचक भगिनी, हिंगणघाट)

उत्तर : विचार चांगला केलात, पण हा तिसराच शब्द आहे. यार्न जुन्या इंग्रजीत 'ग्येआर्न' होता अन् त्याचा अर्थ तेव्हाही सूतच. जर्मन भाषेत सुताला आजही 'गार्न' म्हणतात.

आता या तिन्ही शब्दांत एक गोष्ट तुम्हाला दिसली असेल. तिन्हींच्या तोंडाशी पूर्वी ग होता अन् आता य आहे. हे इंग्रजीत ठराविक ठिकाणी, पुढे ए-इ सारखा स्वर आला की, नियमानेच झालं. जर्मनने तो ग सांभाळला म्हणून दोन्ही भाषा शेजारी ठेवल्या की लगेच कळतं. पिवळ्याला जर्मनमध्ये 'गेल्ब', इंग्रजीत येलो. काल म्हणजे 'गेस्टर्न', इंग्रजीत येस्टरडे. सूत म्हणजे 'गार्न', इंग्रजीत यार्न. बागेला 'गार्टन', अन् त्याच्या कुळातला इंग्रजी शब्द यार्ड. आपल्याकडेही असं होतंच, संस्कृतातला य मराठीत येताना पुष्कळदा ज झाला, यंत्राचं जातं झालं, यवाचं जव झालं, योगीचा जोगी झाला. तो बदल वेगळा, पण नियमाने होणं तेच.

तुमच्या मिस्टरांनी गिरणीत सुताचे नंबर नक्कीच ऐकले असतील, विसाचं सूत, चाळीसचं सूत. त्या नंबरात मात्र यार्ड खरंच आहे. कापसाच्या सुताची एक लड 840 यार्डांची धरतात, अन् एक पौंड सुतात अशा जितक्या लडी बसतात तो त्या सुताचा नंबर. एका पौंडात चाळीस लडी बसल्या तर चाळीसचं सूत, म्हणजे 33,600 यार्ड लांबी. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. गिरणीत ही लड गुंडाळायचं एक फिरकीचं यंत्र असतं, तिचा एक फेरा दीड यार्डाचा, ठरलेले फेरे झाले की ती लांबी काढून तराजूत टाकायची अन् वजनावरून नंबर काढायचा. मिस्टरांना विचारून बघा, त्यांच्या खात्यात कितीचं सूत निघायचं ते त्यांना अजून आठवत असेल.